समूहाला सुरात आणणारे पंडित खरे

मैफल गाजविणाऱ्या गायकाचे नाव रसिकांच्या ओठी राहते. शंभर अनभ्यस्त माणसांना एका सुरात आणून बसविणाऱ्या शिक्षकाचे नाव मात्र त्या शंभरांच्या आवाजात विरून जाते, आणि त्याचे काम जितके चांगले तितके ते अधिक विरते. 'वैष्णव जन तो' हे पद ठाऊक नाही असे घर वऱ्हाडात सापडणार नाही. ते नरसी मेहता यांचे आणि गांधीजींना प्रिय होते, हेही सर्वांना माहीत असते. परंतु साबरमतीच्या आश्रमात ते शिकवून, सर्वांकडून रोज गाऊन घेणारा मनुष्य एक महाराष्ट्रीय गवई होता आणि त्याचे नाव पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, हे सांगू शकणारे थोडेच भेटतील.

खरे यांचे घडणे समजून घ्यायचे तर त्यांच्या गुरूपासून आरंभ करावा लागतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या दृष्टीस इजा झाली, म्हणून त्यांना शाळेऐवजी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. पुढे १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. त्या काळी गवयाला दरबारात बिदागी मिळे, पण पंगतीत मान मिळत नसे. सभ्य घरातील मुलाने, मुलीने तर नाहीच, गाणे शिकू नये असा समज दृढ होता. हे चित्र पालटण्यासाठी पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालविलेली ही संगीताची शाळा होती. तिला अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या, छापील पुस्तके होती आणि पलुस्करांनी स्वतः सिद्ध केलेली स्वरलेखन पद्धती होती. १९०८ साली त्यांनी मुंबईस शाखा काढली आणि हळूहळू मुख्य कार्य तेथेच आले.

व्यापारी घरांना या संस्थेच्या इतिहासातील एक पान विशेष कळेल. मुंबईत विद्यालयाची स्वतःची मोठी इमारत असावी या ध्यासाने पलुस्करांनी कर्ज काढले. शिष्यांच्या निवासाचा आणि भोजनाचा भार संस्थेवरच होता. शुल्क अल्प, जलशांचे उत्पन्न अनिश्चित आणि व्याज मात्र नियमित. ज्या संस्थेचा खर्च ठरलेला आणि उत्पन्न एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून, तिने गहाणखत करणे किती धोक्याचे, हे सांगावयास पेढीवर बसावे लागत नाही. अखेर १९२४ साली ती इमारत लिलावात गेली. पलुस्कर नाशिकला रामनामाच्या आश्रयाला गेले आणि १९३१ साली मिरजेत निवर्तले. मात्र हिशेबाच्या वहीत न दिसणारी एक जमा शिल्लक होती. त्यांनी तयार केलेले शिष्य देशभर पसरले होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांतील ठळक नावे. ही मंडळी रंगमंचावर, ध्वनिमुद्रिकांवर, विद्यापीठांत चमकली. खरे याच शाळेतले. त्यांची वाट मात्र निराळी झाली.

गांधीजींनी १९१५ साली अहमदाबादजवळ कोचरब येथे सत्याग्रहाश्रम काढला आणि १९१७ साली तो साबरमतीच्या काठी नेला. आश्रमाचा दिवस प्रार्थनेने उघडत आणि प्रार्थनेने मिटत असे. परंतु प्रार्थनेस बसणारी मंडळी कोण होती? कोणी गुजराती, कोणी मराठी, कोणी तमिळ, कोणी उत्तर हिंदुस्थानी. कोणी पदवीधर, तर कोणाला अक्षरओळखही नाही. मुले, वृद्ध, स्त्रिया, सगळे एकत्र. या सर्वांना एकत्र गाता यावे, म्हणून संगीत जाणणारा आणि आश्रमाची व्रते पाळण्यास तयार असणारा शिक्षक हवा होता. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतून तो मिळाला. १९१८ साली खरे आश्रमात आले. पुढे आश्रमात 'पंडितजी' म्हटले की खरेच डोळ्यांपुढे येत.

सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही आश्रमाची मूळ व्रते. या पाच शब्दांचा अर्थ या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. परंतु एका गवयाने अपरिग्रह स्वीकारणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. गवयाचा परिग्रह दागिन्यांचा नसतो, तो बिदागीचा, वाहवेचा आणि नावाचा असतो. आश्रमात पगार नव्हता, निर्वाहापुरते मिळे. सूतकताई, सफाई, दळण ही कामे जशी इतरांना तशीच पंडितजींनाही. बुवांच्या तालमीत वर्षानुवर्षे घोटलेला गळा त्यांनी ज्या श्रोत्यांपुढे ठेवला, ते श्रोते दाद देण्यासाठी नव्हे, तर बरोबर गाण्यासाठी बसलेले होते.

येथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करणे योग्य होईल. पाश्चात्त्य देशांत समूहगान ही स्वतंत्र विद्या आहे. तेथे स्त्रियांचे उंच व खालचे आणि पुरुषांचे उंच व खालचे असे चार थर एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात आणि ते एकमेकांना पूरक ठरतात. आपल्या संगीतात ही रचना नाही. आपल्याकडे सर्वांनी एकच चाल, एकाच आधारस्वरावर गावयाची असते. हे वरवर सोपे वाटते, प्रत्यक्षात कठीण आहे. पुरुषाला सोयीचा स्वर स्त्रियांना खाली पडतो आणि स्त्रियांचा स्वर पुरुषांना झेपत नाही. मुले आवाज चढवितात, वृद्ध मागे रेंगाळतात, आणि लय तर जमावाच्या हाती गेली की एकतर धावते किंवा बसते. भजनास बसलेल्या कोणाही मंडळीने हा अनुभव घेतलेला असतो. म्हणून समूहाच्या शिक्षकाला चाल निवडतानाच ताना, मुरक्या, अवघड जागा बाजूला ठेवाव्या लागतात, धुमाळीसारखा आठ मात्रांचा सरळ ताल घ्यावा लागतो, आणि तरीही रागाचे रूप बिघडू द्यावयाचे नसते. पंडिताला जे येते त्यातील नऊ भाग मनातच ठेवून एक भाग द्यावयाचा, आणि तो एक भाग मात्र शुद्ध असावा, असे हे काम आहे.

गांधीजींना स्वतःला या कामाचे महत्त्व फार लवकर उमगले होते. १९२० च्या सप्टेंबरात 'यंग इंडिया'त त्यांनी सभांना आणि रेल्वे फलाटांवर लोटणाऱ्या बेशिस्त गर्दीविषयी एक लेख लिहिला. असहकाराचे वातावरण तापत होते, आणि दर्शनासाठी रेटारेटी करणारा जमाव पाहून ते अस्वस्थ झाले होते. त्या लेखात त्यांनी इतर उपायांबरोबर संगीताचा उपाय सुचविला. संगीत म्हणजे लय आणि व्यवस्था, ते जमावाला तत्काळ शांत करते, परंतु आपल्याकडे ते शास्त्रांप्रमाणे थोड्यांच्याच मिरासदारीत राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. स्वयंसेवकांना एकत्र गाणे सक्तीने शिकवावे आणि प्रत्येक अधिवेशनास थोर संगीतज्ञ बोलावून त्यांच्याकडून सामुदायिक गायनाचे धडे द्यावेत, अशी त्यांची इच्छा होती. अहिंसेचा आणि सुरात गाण्याचा असा थेट संबंध जोडणारा राजकीय पुढारी विरळाच. जमाव शांत राहिला तरच सत्याग्रह टिकणार, आणि जमावाला शांत राहण्याची सवय लावणारा शिक्षक म्हणजे संगीताचा शिक्षक, असा हा हिशेब होता. आश्रमात खरे हेच रोज करीत होते.

आश्रमात चार वाजता उठण्याची घंटा होई आणि चार वाजून वीस मिनिटांनी प्रार्थना सुरू होई. ही वेळ ठरविण्याआधी बरेच प्रयोग झाले होते. सायंकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगणारे श्लोक म्हटले जात, आणि प्रार्थनेनंतर हजेरी घेतली जाई. प्रत्येकाने आपण दिवसभरात किती सूत कातले ते सांगावयाचे. स्त्रियांची प्रार्थना वेगळीही होत असे. बारा महिने, तेराही काळ, पावसात आणि थंडीत, नव्याने आलेल्या पाहुण्यांसह हा क्रम चालू राहावयाचा. चार वाजता झोपेतून उठलेल्या गळ्यांतून सूर काढून घेणे ही कोणत्याही मैफलीपेक्षा मोठी परीक्षा म्हणावी लागेल, आणि ती वर्षातून ३६५ वेळा असे.

या नित्यक्रमातून 'आश्रम भजनावलि' हे पुस्तक उभे राहिले. त्याच्या संकलनाचे मुख्य श्रेय खरे यांचे. संस्कृत श्लोक, हिंदी पदे, गुजराती भजने, मराठी अभंग, बंगाली गीते, काही इंग्रजी प्रार्थनागीते असा त्याचा विस्तार आहे. पुस्तक दिसावयास साधे. परंतु भजनांच्या माथ्यावर राग आणि ताल यांची नावे दिलेली आढळतात. येथे संकलकातील शिक्षक दिसतो. शब्दांचा संग्रह कोणीही करील. हे पद कोणत्या रागात आणि किती मात्रांत गावे हे सांगितले म्हणजे दूरच्या गावातील अनोळखी मंडळीलाही तीच चाल धरता येते. पलुस्करांच्या शाळेची शिस्त अशा रीतीने चार आण्यांच्या भाविकालाही पोहोचली.

जैन वाचकांना या भजनावलीत एक ओळखीचे पद भेटते. श्रीमद् राजचंद्र यांचे 'अपूर्व अवसर' हे एकवीस कड्यांचे काव्य तिच्यात आहे. राजचंद्र मुंबईस जवाहिराचा व्यापार करीत. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या तरुण गांधींची त्यांच्याशी भेट झाली, आणि त्या भेटीचा प्रभाव गांधीजींनी आयुष्यभर मान्य केला. निर्ग्रंथ अवस्थेची आस सांगणारे ते काव्य साधकाने एकांतात म्हणावे असे आहे. ते तुकारामांच्या अभंगांच्या आणि मीरेच्या पदांच्या शेजारी येऊन बसले. संप्रदायांच्या एकतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. येथे ती एकाच पुस्तकात, एकाच सतरंजीवर, एकाच सुरात प्रत्यक्ष घडली, आणि त्यासाठी कोणाला आपले पद सोडावे लागले नाही.

आश्रमाबाहेर अहमदाबाद शहरातही खरे यांनी राष्ट्रीय संगीत मंडळाच्या द्वारे सामान्य लोकांना गाणे शिकविण्याचा प्रयत्न केला. या कामी त्यांना डॉ. हरिप्रसाद देसाई यांची साथ होती. १९२६ साली गांधीजींनी 'यंग इंडिया'त या मंडळाविषयी लिहिले. गिरण्यांच्या त्या श्रीमंत शहरात संगीतासाठी मिळणारा प्रतिसाद मोठा होता असे म्हणता येत नाही. धर्मशाळेला, पाणपोईला देणगी देणारा हात गाण्याच्या वर्गाकडे सहसा वळत नाही. आपल्याकडेही स्थिती फारशी निराळी नाही. मंगल कार्यालयात ध्वनिवर्धकाच्या भाड्याला जेवढे जाते, तेवढ्यात एका गायनशिक्षकाचे कित्येक महिन्यांचे मानधन निघेल. असो.

मग १९३० साल उजाडले. मिठाच्या सत्याग्रहाची आखणी चालू असतानाच आश्रमात देवीची साथ शिरली. देवी टोचून घेण्यास गांधीजींचा तत्त्वतः विरोध होता आणि आश्रमात त्यांचे मत मानले जाई. साथीत मुले दगावली. त्यांत पंडित खरे आणि लक्ष्मीबाई यांचा लहान मुलगाही होता. या प्रकरणी गुळमुळीत लिहिणे उचित नव्हे. लस टोचूनच पुढे जगातून देवीचे उच्चाटन झाले आणि १९८० साली तसे जाहीर झाले. आज कोणतेही सुजाण घर तो निर्णय घेणार नाही. गांधीजींनाही त्या मृत्यूंनी हलविले होते, तरी त्यांचे मत बदलले नाही. आईबापांनी मात्र एका तत्त्वाची किंमत आपल्या लेकराच्या रूपाने मोजली. श्रद्धेच्या माणसांच्या चरित्रांतून अशी पाने गाळण्याची रीत आहे. ती गाळली तर पुढच्या पानाचे वजनही कळत नाही.

कारण अवघ्या काही आठवड्यांत, १२ मार्च १९३० रोजी, दांडीकडे निघालेल्या तुकडीत पंडित खरे होते. 'यंग इंडिया'त छापलेल्या यादीत त्यांचे नाव अगदी आरंभीच्या नावांत आहे. आदल्या सायंकाळी साबरमतीच्या वाळूत हजारोंचा समुदाय प्रार्थनेस जमला होता. पहाटेची प्रार्थनाही खरे यांच्या गाण्याने झाली आणि साडेसहाच्या सुमारास तुकडी निघाली. सुमारे ऐंशी माणसे, २४ दिवस, जवळजवळ २४० मैल. सर्वांत लहान सोळा वर्षांचा, तर सर्वांत मोठे स्वतः गांधीजी, साठ वर्षांचे. मुक्कामोमुक्कामी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत होती आणि तिचे गाणे खरे यांच्याकडे होते. दिवसभर धुळीतून चाललेल्या, पायाला फोड आलेल्या माणसांना रात्री पुन्हा एका सुरात आणावयाचे, आणि भोवती जमलेल्या गावकऱ्यांनाही त्या सुरात ओढून घ्यावयाचे. १९२० साली गांधीजींनी कागदावर मांडलेली कल्पना या चोवीस दिवसांत रस्त्यावर चालताना दिसली. गर्दी होती, पण ती गात होती.

त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी मीराबेनसाठी भजनावलीतील पदांचे इंग्रजीत भाषांतर केले. तुकोबांचे अभंगही त्यांत आले. पुढे १९३४ साली जॉन हॉयलंड यांनी त्यावरून इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. अशा रीतीने आश्रमाच्या पहाटे म्हटली जाणारी पदे इंग्लंडच्या वाचकांपर्यंत गेली. पण १९३३ साली गांधीजींनी साबरमतीचा आश्रम विसर्जित केला होता. पंधरा वर्षे ज्या जागी रोज दोनदा गाणे बसविले ती जागाच उरली नाही. शिक्षकाला त्याचे काय वाटले असेल ते कोणी नोंदविलेले नाही. त्यांनी संगीताचे काम सोडले नाही, इतके खरे.

सामुदायिक प्रार्थनेचा हा विचार आपल्या भागात कसा रुजला, हेही पाहण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन गात गावोगाव फिरत होते. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि १९३६ साली महिनाभर सेवाग्रामला गांधीजींकडे राहून आले. त्यांची सामुदायिक प्रार्थना आज वऱ्हाडातील शेकडो गावांत ठरलेल्या वेळी होते. तुकडोजींचे गाणे खंजिरीचे आणि शेतकऱ्याचे, तर खरे यांचे गाणे तंबोऱ्याचे आणि ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीचे. दोघांच्या चालींत साम्य शोधू नये. गावाने रोज एकत्र बसून एका स्वरात गावे, म्हणजे त्याला एकत्र काम करण्याची सवय लागते, ही समज मात्र दोघांची एकच होती. राजापेठेतून निघालेला माणूस अर्ध्यापाऊण तासात मोझरीस पोहोचतो. सायंप्रार्थनेच्या वेळी तेथे एकदा शांतपणे बसून आवाज ऐकावा. समूहगानाच्या शिक्षकाने काय कमावलेले असते ते तेथे कानांना कळते.

१९३८ साली काँग्रेसचे अधिवेशन गुजरातेत बारडोलीजवळ हरिपुरा या खेड्यात भरावयाचे होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. मंडपांसाठी नंदलाल बोस यांनी गावजीवनाची चित्रे रंगविली होती, आणि वसविलेल्या नगराला विठ्ठलनगर असे नाव दिले होते. अधिवेशनाला संगीतज्ञाने यावे आणि समूहाला गाणे शिकवावे, ही अठरा वर्षांपूर्वीची इच्छा. त्याच कामासाठी पंडित खरे हरिपुऱ्यास गेले होते. अधिवेशन १९ फेब्रुवारीस सुरू व्हावयाचे होते. त्याआधीच, त्याच महिन्यात, हरिपुऱ्यासच त्यांचे निधन झाले.

सुरतेच्या कापडपेठेत येणेजाणे असणाऱ्या आपल्याकडील कित्येक घरांना बारडोलीचा रस्ता ठाऊक असेल. हरिपुरा तापीच्या काठी आहे. आपल्या मेळघाटाच्या कडेने जाते ती हीच तापी, आणि अकोल्याकडून वाहत येणारी पूर्णा चांगदेवाजवळ तिला मिळते. त्या फेब्रुवारीत तिच्या काठच्या मंडपात प्रतिनिधी गोळा झाले आणि ठरल्या वेळी समूहाने गाणी म्हटली.